परदेशी संशोधक आणि आमची चाळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अठरा वर्षं मी परदेशातून येणाऱ्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांबरोबर दुभाषी म्हणून हिंडते. जास्त करून लालबाग, परळ, शिवडी, डिलाईल रोड. मधूनमधून धारावी, गोवंडी. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते, माझा जन्म डिलाईल रोडच्या चाळीतला. आता राहते डोंबिवलीला, पण आठवड्यातले चार दिवस जुन्याच नाक्यावर असते. मला प्रश्न तीन बाजूंनी येतात: थोडीफार मराठी शिकून आलेल्या परदेशी पाहुण्यांकडून, त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या आपल्या कॉलेजच्या मुलामुलींकडून आणि चाळीतल्या माणसांकडून. तिघांना वेगवेगळं सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढलं. कोणता प्रश्न कोणाचा, हे वाचताना कळेलच.

आमच्या चाळीत या लोकांना बघण्यासारखं काय सापडतं?

हे विचारताना बायका हसतात, पण हसण्यात थोडी लाजही असते. "आमच्याकडे काय आहे गं, मोरी बघायची?" एक काकू म्हणाल्या होत्या.

मोरीसुद्धा बघायची असते, काकू. पण मुळात हा भाग जगाच्या कामगार इतिहासात मोठा आहे. 1856 साली ताडदेवला पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि पुढच्या शंभर वर्षांत कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांनी गिरणगाव भरून गेला. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना काढली. 1890 पासून मिळालेली रविवारची सुट्टी ही त्यांच्या लढ्याची कमाई. 1982 च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. हे सगळं ज्यांच्या घरात घडलं ती माणसं अजून गॅलरीत बसलेली सापडतात, म्हणून लोक येतात.

आणि परदेशी माणूस इथे नवा नाही. मुंबई विद्यापीठात 1919 साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस, स्कॉटलंडचे, गो. स. घुर्ये त्यांच्यानंतरचे. क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यानं नागपाड्याच्या कामगार वस्तीत नेबरहूड हाऊस चालवलं, आणि आजची टाटा समाजविज्ञान संस्था 1936 साली तिथूनच निघाली. एलिनॉर झेलियट या अमेरिकन इतिहासकार बाईंनी आंबेडकरी चळवळीवर आयुष्यभर काम केलं. गेल ऑम्व्हेट महात्मा फुल्यांच्या चळवळीचा अभ्यास करायला अमेरिकेतून आल्या, 1983 साली भारताच्या नागरिक झाल्या आणि 2021 मध्ये इथेच, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात वारल्या. अर्थात असे कासेगावात राहून जाणारे थोडे. बाकीचे व्हिसा संपला की जातात, हे आधीच धरून चालावं.

टुरिस्ट व्हिसावर मुलाखती घेतल्या तर चालतात का?

नाही. संशोधनाचा वेगळा व्हिसा असतो, त्याला इथल्या संस्थेशी संलग्नता लागते. व्हिसा 180 दिवसांहून जास्तीचा असेल तर आल्यापासून 14 दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंद करायची. अर्ज आता ऑनलाइनच भरतात. ज्यांच्याकडे पाहुणा मुक्कामाला राहील त्यांनीही 24 तासांत त्याच कार्यालयाला कळवायचं असतं, ज्याला सगळे सी-फॉर्म म्हणतात. घरमालकाला याची कल्पना नसते आणि नंतर त्रास त्यालाच होतो, म्हणून आपण सांगावं.

शिवाय संस्थेचं एक पत्र मराठीत, लेटरहेडवर, गोल शिक्क्यासह जवळ ठेवा. इंग्रजी पत्राला मान मिळतो, पण ते वाचत कोणी नाही.

वस्तीत पहिल्यांदा कोणाबरोबर जावं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो नेमका कोणी विचारत नाही, कारण बहुतेकांनी मला विचारण्याआधीच चूक केलेली असते.

चाळीत कोणी "संशोधक" म्हणून येत नाही. येतो तो कोणाचा तरी पाहुणा म्हणून. "कोणाकडे आलाय?" हा पहिला प्रश्न असतो, आणि पहिल्या दिवशी जे नाव सांगाल ते शेवटपर्यंत चिकटतं. शिवसेनेच्या शाखेतल्या कार्यकर्त्याबरोबर गेलात तर शाखेचा पाहुणा. लाल बावट्याच्या जुन्या कार्यकर्त्याबरोबर गेलात तर त्यांचा. सामाजिक संस्थेच्या ताईंबरोबर गेलात तर दुसऱ्या दिवसापासून बायका रेशन कार्डाच्या झेरॉक्स घेऊन उभ्या. एकदा एक स्वीडिश मुलगा गणेशोत्सव मंडळाच्या अध्यक्षांचं बोट धरून आत शिरला. अध्यक्ष भले माणूस होते, पण चाळीत पुनर्विकासावरून दोन गट पडले होते आणि ते एका गटाचे पुढारी. सहा महिने त्या मुलाला दुसऱ्या जिन्यावरच्या एकाही घरात चहा मिळाला नाही. त्यानं प्रबंधात लिहिलं की "अर्धी चाळ मितभाषी आहे".

मी काय करते? शक्यतो अशा घरातून शिरते ज्याला कुठलंच पद नाही, पण ज्याच्याकडे सगळ्यांचं जाणं-येणं असतं. भिशी चालवणाऱ्या मावशी, शिवणकाम करणाऱ्या वहिनी, पूर्वी खानावळ चालवलेल्या आजी. खानावळवाल्या आजींइतकी माहिती कुठल्याच कागदात नसते. कोणता माणूस कोणत्या गावचा, कोणत्या पाळीला होता, संपात कोणाची उधारी थकली, सगळं तोंडपाठ. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते अशाच बायकांना एकत्र करून. तिथून सुरुवात केली की दोन्ही जिने उघडे राहतात. कमिटीच्या सेक्रेटरींना भेटायचंच, तेही पहिल्याच आठवड्यात, पण हात जोडायला. मागे मागे फिरायला नाही.

युनिव्हर्सिटीनं दिलेल्या संमतीपत्रावर सह्या घ्याव्यात का?

आमच्याकडे झालेली गोष्ट सांगते. एका फ्रेंच बाईंनी विद्यापीठाचा फॉर्म कुणाकडून तरी भाषांतर करून आणला. वर ठळक अक्षरांत "संमतीपत्र", खाली "मी खाली सही करणार स्वेच्छेने संमती देत आहे", त्याखाली नाव, खोली नंबर, सही. सकाळी अकराला पाच घरांत वाटला. दुपारी दोनपर्यंत चाळभर झालं की बिल्डरनं यावेळी गोरी बाई पाठवली आहे. संध्याकाळी कमिटीची तातडीची मीटिंग. आणि मी वहिनींच्या दारात उभी राहून शपथा घेतेय.

चूक बाईंची नव्हती. चूक त्या शब्दाची होती. मुंबईत जुन्या चाळीत किंवा झोपडपट्टीत राहणाऱ्या माणसाला "संमतीपत्र" एकच माहीत आहे: पुनर्विकासासाठी बिल्डर टक्केवारी भरायला गोळा करतो ते. त्यावर सही केली की खोली जाते की फ्लॅट मिळतो, यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या चालल्या आहेत. त्यात तुम्ही तोच शब्द, तोच खोली नंबर आणि तीच रिकामी रेघ घेऊन येता.

तेव्हापासून आम्ही कागदाला "माहितीचा कागद" म्हणतो. त्यावर संशोधकाचं नाव, फोटो, फोन नंबर, संस्थेचा पत्ता. तो मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि त्यांच्याकडेच ठेवायचा. सही आमची, त्यांची नाही. होकार तोंडी घ्यायचा, चालत असेल तर रेकॉर्ड करायचा. एक प्रत कमिटीच्या फाइलला. बहुतेक विद्यापीठांच्या नैतिकता समित्या तोंडी संमती मान्य करतात, मात्र ते निघण्याआधी मंजूर करून घ्यावं लागतं. इथे येऊन ईमेल करत बसलात तर दोन महिने गेलेच.

हा सीआयडीचा माणूस तर नाही ना?

बिल्डरचा, सरकारचा की मिशनचा, हे तीन संशय ठरलेले. तिन्हींमागे अनुभव आहे, म्हणून हसण्यावारी नेऊ नका. पाहुण्यानं रोज त्याच वेळी यावं, त्याच जागी बसावं, आणि "पैसे कोण देतं?" या प्रश्नाचं खरं उत्तर द्यावं. शिष्यवृत्ती किती आहे, विचारलं तर आकडा सांगावा. तुम्ही त्यांचा पगार विचारणार आणि स्वतःचा लपवणार, हे कसं चालेल? लग्न झालंय का, मूल का नाही, आईला एकटं सोडून कशी आलीस, हेही विचारलं जाईल. उत्तरं द्या.

मराठी किती आली म्हणजे पुरे?

पुस्तकातली मराठी घेऊन आलेला माणूस "आपण कृपया मला सांगू शकाल का" म्हणतो आणि पोरं आठवडाभर त्याची नक्कल करतात. ते चालतं, हसण्यातून ओळख होते. खरी अडचण वेगळी आहे. लालबागला मालवणी कानावर पडेल, त्याच मजल्यावर सातारी, धारावीत हिंदी आणि तमिळ. सगळं कोणालाच येत नाही.

त्यापेक्षा नाती शिका. काकी आणि मावशी यांतला फरक. वहिनी कधी म्हणायचं. वयानं लहान पण मानानं मोठ्या सुनेला एकेरी हाक मारायची नाही. आजोबांना "तुम्ही", पण आजीला घरातले सगळे "तू" म्हणतात म्हणून तुम्ही म्हणायचं नाही. आजीनं "तू म्हण रे" म्हटलं की मग म्हणा.

काही शब्दांपाशी मीही भाषांतर करताना थांबते. "अडचण" म्हणजे जागा कमी, पैसे कमी, किंवा पाळी आली आहे. "काम सुटलं" म्हणणारा आणि "काम सोडलं" म्हणणारा, दोघांच्या आयुष्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, पण वहीत दोन्ही एकच होऊन जातात.

मुलाखतीत कोणते प्रश्न फसतात?

साधे वाटणारे.

"तुमचा जन्म कुठला?" हे विचारायचं असताना दुभाषी "तुमचं गाव कोणतं?" विचारतो. केईएम रुग्णालयात जन्मलेला, उभा जन्म परळला काढलेला माणूस झटकन "कणकवली" म्हणतो. खोटं नाही बोलत. गाव म्हणजे जिथे घर, देव आणि भाऊबंद आहेत ते. "घरात माणसं किती?" विचारलं तर नऊ सांगतील आणि खोलीत पाचच दिसतील, कारण चौघं गावाला आहेत. ती मोजायचीच असतात.

"उत्पन्न किती?" विचारू नका. "महिन्याचं कसं भागतं?" म्हटलं की किराणा, फी, गावाला पाठवायचे, भिशीचा हप्ता असं एकेक निघत जातं.

आणि संप. 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला हे जो तो सांगतो. एका जर्मन मुलानं पुढचा सरळ प्रश्न केला, "संपला कधी?" काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कोण म्हणतं संपला?" संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. कोणी वर्षानं कामावर गेलं, कोणी दीड वर्षानं, कोणी कधीच नाही. "तुम्ही परत कधी गेलात?" हा प्रश्न ऐकायला निरुपद्रवी, पण त्याच गॅलरीत जो आधी गेला आणि जो नाही गेला असे दोघं चाळीस वर्षं शेजारी राहिले आहेत. तारखेच्या मागे लागू नका. "त्या दिवसांत घर कसं चाललं?" विचारा आणि मग बाईकडे बघा, काकांकडे नको.

गिरणी कामगार कागदपत्रं दाखवायला लागले तर काय करायचं?

हे हमखास होतं. कापडी पिशवी, तिच्यात प्लास्टिकची, तिच्यात आणखी एक. त्यातून ईएसआयचं कार्ड, पीएफची पावती, गिरणीचा पास. पासावरचा फोटो पुसट झालेला, नंबर मात्र ठळक. म्हाडाच्या घरासाठी पावणेदोन लाखांच्या आसपास कामगारांचे आणि वारसांचे अर्ज आहेत, सोडती 2012 पासून अधूनमधून निघतात, आणि घरं त्या मानानं फारच थोडी. परदेशी माणूस घरी आला म्हणजे वरपर्यंत ओळख असणार, असं वाटणं साहजिक आहे.

स्पष्ट सांगा: माझा यात काही हात नाही. पहिल्याच वेळी, मोघम न बोलता. पण म्हणून पिशवी बंद करायला लावू नका. एकेक कागद हातात घेऊन वाचा, तारीख मोठ्यानं म्हणा. दहा मिनिटं जातात. माझे वडील गेले तेव्हा त्यांचीही अशीच पिशवी निघाली. ती आयुष्यात कोणी शांतपणे वाचली नव्हती. मीही नाही.

जात विचारायची की नाही?

तोंडावर विचारायची नाही. पण जातीचा प्रश्न टाळून मुंबईच्या कामगार वस्तीवर लिहिता येतं असं वाटत असेल तर विमानाचे पैसे वाचवा. गिरणीत साचेखात्यात तुटलेला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, म्हणून दलित कामगारांना तिथे घेत नसत, हे डॉ. आंबेडकरांनी मांडलेलं आहे. कोणती चाळ कोणाची, कोणता नळ कोणाचा, हे सगळं त्यातूनच आलं. भिंतीवरचे फोटो बघा, पण फोटोवरून निष्कर्ष काढू नका. विचारा, हे कोण, कधी लावला. माणसं आपणहून बोलतात.

यात परदेशी माणसाला एक सूट मिळते, ती मला नाही. त्याला जात नाही असं लोक धरून चालतात. माझं आडनाव मात्र दारातच विचारलं जातं, आणि त्यावर पुढचा तासभर कोण काय बोलणार, काय गिळणार हे ठरतं. ज्या संशोधकांना हे कळलं त्यांनी दोन वेगळ्या घरांतले दोन मदतनीस घेतले. पगार दुप्पट गेला, काम चौपट झालं.

दहा बाय दहाच्या खोलीत मुलाखतीसाठी एकांत कसा मिळवायचा?

मिळत नाही. नवऱ्याला विचारलेल्याचं उत्तर बायको देते, बायकोला विचारलेल्याचं सासू, आणि दारात उभा शेजारी दोघांनाही दुरुस्त करतो. ही अडचण मानू नका, हीच माहिती आहे. जे खरंच खासगी आहे ते बाहेर निघतं: पाच उद्यानांच्या बाकावर, राणीच्या बागेत, बाजाराला जाताना. सुनांशी बोलायचं तर त्यांच्याबरोबर भाजी आणायला चला.

चहा, पाणी आणि संडास?

चहा नाकारायचा नाही, "अर्धाच द्या" म्हणायचं. दिवसाला आठ घरं म्हणजे चार कप, झेपतात. पाण्याबद्दल "डॉक्टरांनी उकळलेलं सांगितलंय" पुरतं, कोणी वाईट वाटून घेत नाही.

तिसरं कोणी विचारत नाही, विशेषतः बाया. संडास गॅलरीच्या टोकाला, सामायिक. बऱ्याच ठिकाणी दोन-चार घरांत एक, कुलूप लावलेला. सकाळी रांग. परदेशी मुली विचारायचं कसं म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत आणि तिसऱ्या आठवड्यात लघवीच्या जळजळीनं दवाखाना गाठतात. एका वहिनींना आधीच सांगून ठेवा. माझ्याबरोबरच्या एका कोरियन मुलीला वहिनींनी दीड महिन्यानंतर दाखवलं की किल्ली दाराआडच्या खिळ्याला असते, "विचारत बसू नको". त्या रात्रीची तिची टिपणं मी वाचली आहेत. पूर्ण पान किल्लीवर आहे.

मुलाखतीचे पैसे द्यावेत का?

मुलाखतीगणिक रोख नको, त्याचा लगेच भाव ठरतो आणि ज्याला मिळाले नाहीत तो बोलत नाही. पण नाका कामगाराचा सकाळचा तास घेतलात तर त्याचा रोज बुडतो. तो भरून द्या, त्याला मानधन वगैरे म्हणू नका. इतरांना निघताना मिठाई, मुलांना वह्या, मंडळाला वर्गणी, पावती घेऊन.

घरी बसून काम करणाऱ्या बायकांचं वेगळं. त्या बोलतात, पण हात थांबत नाहीत. इमिटेशनच्या बांगड्यांना खडे लावायचे असतात: काडीच्या टोकाला मेण, त्यानं खडा उचलायचा, गोंदाच्या ठिपक्यावर ठेवायचा, नखानं दाबायचा. मोजणी ग्रोसवर, म्हणजे 144 नग. आमच्या एका पाहुण्यानं चार दुपार मनापासून मदत केली. पाचव्या दिवशी मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्याला म्हणावं नुसतं बस. रात्री मला सगळे उपटून परत लावायला लागतात."

मी मदतनीस म्हणून जाते. माझं काय?

लेखी घ्या. दिवसाचे तास, प्रवासखर्च, टिपणं उतरवण्याचा वेगळा दर, आणि प्रबंधात नाव हवं की नको. रेकॉर्डिंग उतरवणं हे मुलाखतीच्या तिप्पट-चौपट वेळेचं काम आहे आणि ते फुकटात धरलं जातं.

एक गोष्ट आपल्या बाजूनंही. मावशी चार मिनिटं बोलतात आणि आपण "तिला काळजी वाटते" एवढं सांगून मोकळे होतो, हे थांबवा. आपल्याला ओळखीचं असतं म्हणून आपण गाळतो. आणि लाज वाटते म्हणूनही. दारू, मारहाण, शेजारच्यांना दिलेली शिवी, हे मी पहिली दोन वर्षं सरळ गाळत होते.

कोणत्या महिन्यात यावं?

जून-जुलै नको, हिंदमाता तुंबतं आणि घरं गळतात. मे महिन्यात आणि शिमग्याला अर्धा मजला गावाला. गणपतीत कोकणातली माणसं जातात, राहिलेली मंडळाच्या कामात. 6 डिसेंबरच्या आसपास दादरला मुलाखती मागत फिरू नका. चैत्यभूमीच्या रांगेत उभं राहा, पाणी वाटा.

संशोधक गोरा नसेल तर?

तर आपलं खरं रूप दिसतं. गोऱ्या मुलाला दादरला खोली दोन दिवसांत मिळाली. केनियाहून आलेल्या मुलीला, विद्यापीठाची तीच पत्रं दाखवून, अकरा ठिकाणी नकार. "नायजेरियन नको," असं माझ्यासमोर मराठीत म्हणाले, तिला कळत नाही समजून. तिला कळत होतं. चाळीत मात्र, दोन आठवड्यांच्या टक लावून बघण्यानंतर, तिच्या केसांच्या वेण्यांवरून बायकांशी जी गट्टी जमली ती कुठल्याच गोऱ्याची जमली नाही.

आणि न्यू जर्सीत वाढलेली आपली मुलगी आली तर तिला सूट अजिबात नाही. मराठी का येत नाही, टिकली का नाही, आईनं काय शिकवलं. बिचारी.

चाळ पाडून टॉवर झाला. आता बसायचं कुठे?

बीडीडी चाळी 1920च्या दशकातल्या, खोली 160 चौरस फुटांची. वरळीला नव्या इमारतींत 500 चौरस फुटांची घरं मिळायला लागली आहेत. संडास घरात आला, याचं महत्त्व ज्यानं रांगेत आयुष्य काढलं त्यालाच कळेल. गॅलरीसाठी उसासे टाकणाऱ्या पाहुण्यांना मी हे आधी ऐकवते. पण काम अवघड झालं हे खरं. खाली वॉचमन, रजिस्टरमध्ये नाव, वर बंद दारं. मी आता लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत जाते. दुपारी चारनंतर बायका तिथे खुर्च्या आणून बसतात. लिफ्ट उघडली की सगळ्या एकदम तिकडे बघतात, पूर्वी जिन्याकडे बघायच्या तशा.

नावं बदलली की झालं ना?

नाही. आडनाव बदललं की जात बदलते, आणि बऱ्याचदा जिल्हाही. कांबळेंचे देशपांडे करून ठेवले तर पुढचं प्रकरण कोणाला कळणार? तशीच पहिली नावं. एकानं इंटरनेटवरच्या बाळांच्या यादीतून नावं उचलली आणि 74 वर्षांच्या साचेवाल्याचं नाव "आरव" ठेवलं. माणसालाच विचारा, तुमचं नाव काय ठेवू? मजेत सांगतात. आणि "मजल्यावरची एकटी टॅक्सी चालवणारी बाई" असं लिहिलं तर नाव बदलून उपयोग शून्य.

फोटो काढले तर?

विचारून. काढलेला फोटो प्रिंट करून द्या, मोबाइलवर पाठवलेला फोटो कोणी भिंतीवर लावत नाही.

त्या पुस्तकाचं पुढे काय होतं? आम्हाला दाखवतात का?

मंडळाच्या कपाटात, ढोल-ताशाच्या काठ्यांच्या वर, तीन प्रबंध आहेत. एक इंग्रजी, एक जर्मन, एक जपानी. पाठवले हेच खूप, बाकीच्यांनी तेही केलं नाही. मराठीत चार पानांचा सारांश द्या, असं मी आता सुरुवातीलाच कबूल करून घेते. वाचून दाखवायला स्वतः आलात तर उत्तम. माणसं चुका काढतात आणि त्यातून वेगळंच काही निघतं.

त्यातला जपानी प्रबंध सगळ्यांत जास्त हाताळलेला आहे. कोणाला एक अक्षर वाचता येत नाही, पण मधल्या पानावर त्यानं हातानं काढलेला चाळीचा नकाशा आहे: जिने, मोऱ्या, कोणाची खोली कुठली, तुळस कुठे. तळमजल्याच्या नळापाशी त्यानं दोन तोट्या दाखवल्या होत्या. तिथे कोणीतरी निळ्या बॉलपेननं तिसरी काढली आहे आणि बाजूला लिहिलंय, "हा 92 साली बंद पडला." अक्षर सेक्रेटरींचं नाही. मी सगळ्यांना विचारून पाहिलं. कोणी कबूल होत नाही.